खडकाचा ताप मोजणाऱ्या साळवे मॅडम

बदलापूरजवळ शिरगावातल्या आमच्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला साळवे मॅडम आल्या, त्या हॉलमध्ये न बसता सरळ स्वयंपाकघरात गेल्या. माझ्या बायकोला, हेमाला वाटलं, बाई मदतीला आल्या. ती पाठोपाठ गेली आणि लगेच बाहेर येऊन माझ्या कानाशी लागली, "अहो, ओटा मी सकाळीच दोनदा पुसलाय. तुमच्या कॉलेजच्या बाई भिंग लावून काय शोधतायत?"

मी आत जाऊन पाहिलं. मॅडम ओट्यावर इतक्या वाकल्या होत्या, की त्यांचं नाक दगडाला टेकायचंच बाकी होतं.

"म्हात्रेसर, हा दगड कोणी निवडला?"

"हेमाने. का? खराब आहे का?"

"वहिनी, इकडे या," त्यांनी हेमाला जवळ ओढलं आणि भिंग तिच्या हातात दिलं. "हे लालसर ठिपके दिसतात? हे गार्नेट. आणि त्याला चिकटून ही काळी चमकणारी पापुद्र्यांची चकती, ती बायोटाइट. दुकानदार याला ग्रॅनाइट म्हणाला असेल. म्हणू दे. हा ग्रॅनाइट नाही. हा जमिनीखाली वीस-पंचवीस किलोमीटर खोल भाजून निघालेला दगड आहे. न वितळता बदललेला."

"किती भाजलेला?" हेमाने विचारलं. ती कुठलाही पदार्थ याच प्रश्नाने तपासते.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा असा उजळला, की बाहेर गुरुजी आरतीला बोलावत होते ते आम्हा तिघांनाही ऐकू आलं नाही. "हाच प्रश्न! वहिनी, मी गेली कित्येक वर्षं हाच प्रश्न विचारतेय."

प्रज्ञा साळवे उल्हासनगरच्या आमच्या कॉलेजात भूशास्त्र शिकवत, मी रसायनशास्त्र. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी होती. त्या बदलापूर गावातल्या. वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात होते. घरात बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, आणि त्यांच्या खाली फळीवर दगड. आईंची त्या दगडांबद्दल एकच तक्रार होती. "आता गार झालाय ना तो? मग कशाला मोजतेस?" असं त्या मला साक्षीला धरून विचारायच्या. मॅडम म्हणायच्या, "आई, तापलेला असताना तो काही सांगत नाही गं. निवल्यावरच सांगतो."

त्यांच्यासमोर कोणी सहज काही बोललं, की त्यांचा प्रश्न ठरलेला होता. "चहा गरम आहे" म्हटलं की "किती?" आणि "अमुक माणूस वाईट आहे" म्हटलं की "कशावरून?" ऑफिसातल्या एका क्लार्कने दुसऱ्याची तक्रार त्यांच्याकडे आणली, तेव्हा त्यांनी आधी त्या दुसऱ्याला बोलावून घेतलं. "एकट्याचं ऐकून तापमान कळत नाही," त्या म्हणाल्या. क्लार्कला काही कळलं नाही. मला मात्र हे त्यांच्या विषयातलं पहिलं सूत्र आहे हे ठाऊक झालं होतं. एकट्या गार्नेटला विचारून खडक किती तापला होता ते समजत नाही. त्याच्यासोबत वाढलेलं दुसरं खनिज लागतं. दोघांमध्ये लोह आणि मॅग्नेशियम यांची वाटणी कशी झाली आहे, त्यावरून तापमान काढायचं.

गंमत अशी, की आमच्या भागात असा खडक औषधालाही नाही. बदलापूरभोवतीचे डोंगर, बारवी धरणाच्या बाजूचे कातळ, सगळा लाव्ह्याचा काळा दगड. मॅडमचं प्रेम होतं रूपांतरित खडकांवर आणि ते होते दूर सिंधुदुर्गात. दरवर्षी तिथे सहल नेण्याइतकी सोय नसायची. मग विद्यार्थ्यांना दाखवायचं काय?

यावर त्यांनी काढलेला मार्ग म्हणजे हरेशभाई.

हरेशभाईंचं उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात लाद्यांचं मोठं गोडाऊन होतं. सगळे त्यांना सिंधी रीतीने साईं म्हणत. देशभरातून आलेल्या फरश्या तिथे उभ्या रचलेल्या असायच्या. एका सकाळी मॅडम तीसेक मुलं घेऊन तिथे शिरल्या, आणि कोणाला काही विचारायच्या आत एका लादीसमोर उभ्या राहून शिकवू लागल्या. गल्ल्यावरून साईं धावत आले.

"वडी मॅडम, क्या है ये? इन्स्पेक्शन है?"

"नहीं साईं, क्लास है."

"अरे, मेरे कस्टमर खडे हैं!"

कस्टमर खरोखरच उभे होते. अंबरनाथचं एक जोडपं. पण ते साईंकडे बघत नव्हते, मॅडमचं ऐकत होते. मॅडम सांगत होत्या, "हा ग्रॅनाइट नव्हे." साईंचा चेहरा पडला. मॅडम पुढे म्हणाल्या, "हा त्याहून भारी. तुमच्या कुकरचं बूड याच्यावर टेकवलंत तर याला काय होणारे? हा सातशे-आठशे अंशांत राहून आलाय."

जोडप्याने तीच लादी घेतली. त्यानंतर मी साईंना स्वतः गिऱ्हाइकाला सांगताना ऐकलंय, "ये लाल डॉट देखो, गार्नेट. आठ सौ डिग्री! आपके कुकर से इसको क्या?" मॅडमनी त्यांना टोकलं, "साईं, प्रत्येक लादीला आठशे म्हणू नका. आधी मोजायला लागतं." साईं म्हणाले, "आप नापो मॅडम, मैं तब तक बेचता हूँ." पण तेव्हापासून मॅडमचा क्लास आला की ते स्टूल मागवत, आणि मॅडमच्या नमुन्यांचे काप आपल्या हिऱ्याच्या पात्याच्या करवतीवर काढून देत.

हे नमुने सिंधुदुर्गातले होते, आणि तिथेच सगळी लढाई होती.

त्या पट्ट्यातल्या खडकांवर पूर्वी वझे सरांनी काम केलं होतं. वझे सर म्हणजे या विषयातलं मोठं नाव. त्यांनी गार्नेट आणि बायोटाइट जिथे एकमेकांना चिकटतात तिथे मोजणी करून तापमान काढलं होतं, साडेपाचशे अंशांच्या आसपास. तो आकडा सगळीकडे मान्य झाला. नकाशे त्यावरून रंगले, पुस्तकांत तो गेला. आणि पीएच.डी.ला उशिरा, पंचेचाळिशीत नाव नोंदवलेल्या आमच्या मॅडमना वाटत होतं, की हा खडक त्याहून खूप जास्त तापला होता.

त्यांना तसं का वाटत होतं, हे मला कळलं ते त्यांच्या वर्गात. मी सहज मागे जाऊन बसलो होतो. उल्हासनगरात घरोघरी जीन्सची कामं चालतात. कोमल नावाच्या एका मुलीने मॅडमच्या सांगण्यावरून वडिलांच्या कारखान्यातून जीन्सच्या बटणांच्या दोन पिशव्या आणल्या होत्या, एक पितळी, एक स्टीलची. मॅडमनी मुलांचे दोन गट केले. एक गट गार्नेट, दुसरा बायोटाइट. पितळी बटण म्हणजे लोह, स्टीलचं म्हणजे मॅग्नेशियम.

"मी जोरात टाळ्या वाजवतेय तोवर खडक तापलेला आहे. भराभर अदलाबदल करायची, मिळेल ते घ्यायचं. टाळ्या मंदावल्या की खडक निवतोय. मग गार्नेटवाल्यांनी हट्ट करायचा, आम्हाला पितळीच पाहिजे, स्टील परत घ्या. टाळ्या थांबल्या की हात थांबवायचे."

वर्गात कल्ला उडाला. शेजारच्या वर्गातून सर बघायला आले. टाळ्या थांबल्यावर मॅडमनी सगळ्यांना मुठी उघडायला लावल्या. गार्नेटच्या गटात जी मुलं कडेला, दुसऱ्या गटाला खेटून बसली होती, त्यांच्याकडे पितळी बटणं गोळा झाली होती. कोमल अगदी मधल्या बाकावर कोंडली गेली होती. ती म्हणाली, "मॅडम, मेरे पास तो सब स्टीलच रह गया. लास्ट में साइडवालों ने चेंज किया, मेरे तक कुछ आयाच नहीं."

मॅडमनी तिच्या मुठीतली बटणं उंच धरली. "बघा! खडक किती तापला होता ते हिच्याकडे शिल्लक आहे. कडेवाल्यांनी निवता निवता हिशेब बदलला. कडेला विचाराल तर खडक उगाच थंड वाटेल. मधल्याला विचारा!" आणि मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "म्हात्रेसर, हे मी दोन वर्षं लोकांना समजावतेय. या मुलीने एका वाक्यात सांगितलं."

लोकांना समजावणं सोपं नव्हतं. त्यांनी गार्नेटच्या गाभ्यात मोजलं होतं, आणि गार्नेटपासून लांब असलेल्या बायोटाइटमध्ये. उत्तर सातशेच्या पुढे येत होतं. त्यावर लिहिलेला लेख परत आला. शेरा असा होता, की संशोधिकेने आपल्याला हव्या त्या जागा निवडून हवं ते उत्तर काढलं आहे. मॅडमनी तो शेरा मला वाचून दाखवला, घडी घालून ठेवला आणि बाटलीतलं पाणी घटाघट प्यायल्या. त्यांचा आवाज चढला नाही. पण त्या दिवशी चहा पुढे आला आणि कोणी "गरम आहे" म्हणालं, तेव्हा त्यांनी "किती?" विचारलं नाही.

पुढे आणखी कठीण झालं. प्रबंधाचे परीक्षक म्हणून वझे सरांचंच नाव आलं. मॅडमचे मार्गदर्शक भले गृहस्थ होते, पण घाबरट. त्यांनी मॅडमना बोलावून सांगितलं, "हे तापमानाचं प्रकरण काढून टाका. बाकीचं काम उत्तम आहे. डिग्री मिळेल. वझे सरांच्या समोर वझे सरांना चूक कशाला म्हणायचं? मुदतही संपत आलीय."

मॅडम हे मला कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये सांगत होत्या. मी रसायनवाला, व्यवहारी माणूस. मी म्हटलं, "मॅडम, काढून टाका. डिग्री घ्या, मग नंतर लिहा काय लिहायचं ते."

"म्हात्रेसर, तेवढंच तर मी केलंय. बाकीचं सगळं त्याच्यासाठी केलंय." कप बाजूला सारून त्या म्हणाल्या, "पण शेरा लिहिणाऱ्याचं एक बरोबर आहे. मी माझ्याच एका जोडीचं ऐकतेय. दुसरा साक्षीदार पाहिजे."

दुसरा साक्षीदार म्हणजे रुटाइल. हे लालसर तपकिरी रंगाचं खनिज फार बारीक असतं. खडक तापलेला असताना शेजारी झिरकॉन आणि क्वार्ट्झ ही खनिजं असतील, तर रुटाइल तापमानाच्या मानाने थोडं झिर्कोनियम हे मूलद्रव्य आत घेतं, आणि निवताना ते सहजी सोडत नाही. गार्नेटच्या पोटात सापडलं तर उत्तमच, कारण तिथे ते बंदिस्त राहतं. मॅडमना असा कण त्यांच्या खडकात सापडायला हवा होता. तो असेलच, याची खात्री कोणीही देऊ शकत नव्हतं.

साईंनी काप काढायचे, मॅडमनी ते काचेवर चिकटवून प्रकाश आरपार जाईल इतके घासायचे, आणि सूक्ष्मदर्शकाखाली बसायचं. लेक्चर संपलं की त्या प्रयोगशाळेत. सुट्टीतही प्रयोगशाळेत. दिवाळीत हेमाने फराळ दिला, तो मी तिथेच पोचवला. त्यांनी डोळा न उचलता करंजी खाल्ली आणि म्हणाल्या, "वहिनींना सांगा, छान भाजलीय." हेमाने हे ऐकल्यावर विचारलं, "किती, ते नाही सांगितलं?"

आणि एका दुपारी प्रयोगशाळेतून आरोळी आली. मी पोरांच्या टायट्रेशनच्या प्रॅक्टिकलला उभा होतो. वाटलं, आग लागली. धावलो. मॅडम स्टुलावरून उठून उभ्या होत्या, दोन्ही हात डोक्यावर.

"बघा! बघा!"

मी डोळा लावला. फिकट गुलाबी गार्नेटच्या अगदी मध्यावर मधाच्या रंगाचा, पण त्याहून गडद असा एक कण. त्याच्या शेजारी दुसरा. दगडातलं मला फारसं कळत नाही, पण तो रंग मी विसरलेलो नाही.

"हाच का?"

"हाच! आणि एक नाही, चार आहेत! चारही आतच!" प्रयोगशाळेत बसलेल्या पोरांनी बाकं बडवली. त्यांना काय सापडलं ते माहीत नव्हतं, पण मॅडम जिंकल्यात एवढं कळलं होतं.

अर्थात दिसणं वेगळं आणि मोजणं वेगळं. कणांमधलं झिर्कोनियम मोजायचं यंत्र परराज्यातल्या एका संस्थेत होतं. तिथे वेळ मिळवायला मॅडमनी जिवाचं रान केलं. मिळाली तेव्हा त्या एकट्याच, काचपट्ट्यांची डबी पोटाशी धरून गेल्या. आम्ही इथे वाट बघत होतो. साईं तर मला रोज फोन करून विचारत, "सर, रिझल्ट आया क्या?"

संध्याकाळी आम्ही जेवणाच्या तयारीत होतो तेव्हा मॅडमचा फोन आला. हेमाने स्पीकर चालू केला.

"म्हात्रेसर, सातशेच्या वर! चारही कण! गार्नेटचा गाभा जे सांगतो तेच हे सांगतायत. दोन वेगळे साक्षीदार, एकच जबानी!" आणि मग त्या रडल्या. पलीकडे कोणीतरी त्यांना पाणी देत असल्याचा आवाज आला. हेमाही ओट्याला टेकून डोळे पुसत होती. मी म्हटलं, "मॅडम, आता प्रकरण काढायचं नाही." त्या रडता रडता हसल्या. "आता ते पहिलं प्रकरण करणार आहे."

तोंडी परीक्षा सर्वांना खुली होती. आम्ही गेलो. साईंनी सूट घातला होता आणि निकालाआधीच मिठाईचा मोठा डबा आणला होता. "मॅडम फेल हो ही नहीं सकती," ते म्हणाले. मॅडमच्या आई पांढऱ्या साडीत पहिल्या रांगेत बसल्या.

वझे सर आले. उंच, वाकलेले, हातात काठी. त्यांनी मॅडमचं सादरीकरण मध्ये एकदाही न अडवता ऐकलं. संपल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"म्हणजे तुमचं म्हणणं असं, की माझा आकडा चुकला?"

मार्गदर्शकांनी मान खाली घातली.

"नाही सर," मॅडम म्हणाल्या. "तुमचा आकडा बरोबर आहे. मी तुमच्याच पद्धतीने, तुम्ही मोजलं तिथेच पुन्हा मोजलं. साडेपाचशेच येतं. पण खडक निवत असताना अदलाबदल जिथे थांबली, तिथला तो आकडा आहे. खडक चढला कुठपर्यंत होता, ते गाभ्यात आहे."

"गाभा आधी वाढतो. त्या वेळचं तापमान वेगळंच असू शकतं. मग?"

"म्हणून मी गाभ्यात आरपार रेघेवर मोजलं, सर. वाढत जाताना बदल झाला असता तर रेघ वर-खाली दिसली असती. ती सपाट आहे. इतक्या तापमानाला गार्नेट आतून एकसारखं होऊन जातं. बदल आहे तो फक्त कडेला."

"आणि रुटाइल कडेला आहे की आत?"

"आत. चारही."

"दाखवा."

मॅडमनी चित्र पडद्यावर आणलं. वझे सर उठले, काठी टेकत पडद्यापर्यंत गेले. काठीच्या टोकाने एकेका कणाभोवती हवेत गोल काढला. मग वळले.

"आम्ही हे खडक गोळा केले तेव्हा आमच्या हातात फार थोड्या मोजण्या होत्या. दोन खनिजं चिकटलेली दिसली की आम्ही खूश व्हायचो, तिथेच मोजायचो." ते मॅडमकडे बघून हसले. "बाई, त्या नकाशावरची माझी रेघ पुसायला हवी. ती पुसायचा मान तुमचा. आणि परवानगी असेल, तर नवी मारताना मी शेजारी उभा राहीन."

टाळ्या आधी कोणी सुरू केल्या ते मला सांगता येणार नाही. साईं उभे राहून वाजवत होते आणि शेजारच्या अनोळखी प्राध्यापकाला विचारत होते, "पास? पास ना?" मॅडमच्या आईंना आकडे कळले नव्हते. पण त्यांनी उठून लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, "जिंकलीस ना गं?" मॅडमनी जोरात मान हलवली. वझे सरांनी स्वतः वाकून आईंना नमस्कार केला. मिठाईचा डबा तिथेच, पडद्याखाली उघडला गेला, आणि पहिला पेढा साईंनी वझे सरांच्या तोंडात घातला.

वझे सर दिलेल्या शब्दाला जागले. पुढच्या हिवाळ्यात सिंधुदुर्ग ते गोव्यापलीकडचा सगळा पट्टा नव्याने तपासायचं काम निघालं, आणि त्यांनी मॅडमना त्याची जबाबदारी दिली. मॅडमनी कॉलेजातून लांब रजा काढली. जाण्यापूर्वी त्यांनी एक अट घातली, की पहिले चार दिवस आमची मुलं सोबत येतील. दुसरा शिक्षक म्हणून मी गेलो.

कणकवलीच्या पुढे एका ओढ्यात आम्ही उतरलो. वझे सर एका धोंड्यावर बसून होते, पाय पाण्यात. मॅडम सलवार घोट्याच्या वर दुमडून खडकाखडकावरून हिंडत होत्या, आणि पोरं चहूकडून ओरडत होती, "मॅडम, इधर भी है!" "मॅडम, मेरा बडावाला है, आओ ना!" प्रत्येक हाकेला त्या जात होत्या. पन्नाशी गाठलेली बाई त्या निसरड्या कातळावरून अशी धावत होती, की मला दोनदा "अहो, सांभाळून" म्हणावं लागलं. वझे सर मला म्हणाले, "म्हणू नका. त्या पडणार नाहीत."

चौथ्या दिवशी दुपारी आमची बस परत उल्हासनगरकडे निघाली. मॅडम आणि वझे सर तिथून पुढे दक्षिणेला जाणार होते. पुढे मॅडम तिकडच्याच एका संस्थेत रुजू झाल्या. मीही निवृत्त झालो. आता आमचं बोलणं फोनवर होतं, त्यामुळे डोळ्यांनी पाहिलेल्या मॅडम माझ्यासाठी त्याच, त्या दिवशीच्या. बस सुटली तेव्हा त्या रस्त्याच्या वरच्या अंगाला, उतारावर उभ्या होत्या. हातात हातोडा, कपाळावर ऊन, अंगभर लाल माती. पोरं खिडक्यांतून अर्धी बाहेर लटकून ओरडत होती, "साळवे मॅडम की जय!" मॅडमनी हातोडा उंच धरला आणि तोंडाशी हात नेऊन जोरात काहीतरी सांगितलं. इंजिनाच्या आवाजात मला ते ऐकू आलं नाही.

ड्रायव्हरने आरशातून विचारलं, "बाई काही विसरल्या काय? थांबवू का?"

मागच्या खिडकीतून कोमल हसत म्हणाली, "नको काका, चलाओ. मॅडम बोल रही है, जर्नल सोमवार को चाहिये, म्हात्रेसर के पास. सगळ्यांचं."